अकरावा अध्याय चार कट्ट्यांचा

माय, शनिवारी मी त्या पुस्तकाचा अकरावा अध्याय वाचला. तेच पुस्तक, अस्वलाचं, ज्याला कव्हर नव्हतं आणि ज्याच्या लेखकाला तू दिवाळीची अख्खी सुट्टी नावं ठेवत होतीस. त्यातल्या पहिल्याच अध्यायात लेक घर सोडून निघते आणि तिची आई पाठ करून उभी राहते. ती पाठ करून का उभी राहिली, हे तू मला किती वेळा विचारलंस ते आता आठवत नाही. शेवटचं विचारलंस ते दवाखान्याच्या खाटेवर, नाकात नळी असताना. त्याचं उत्तर मला काल मिळालं. तू गेल्याला दहा वर्षं होत आली. उशीर झाला आहे हे मला कळतं, पण सांगायचं तर तुलाच, बाकी कोणाला त्याचं काय पडलं आहे.

आज रविवार आहे आणि मी दमले आहे. तू म्हणशील, खुर्चीवर बसून शिकवणारी बाई दमते कशानं? माय, शिकवून नाही दमत. मी फुलचूरला राहते, पहाटे डबा करून नाक्यावर बस धरते, नागझिऱ्याच्या बाजूला जंगलाच्या कडेला माझी शाळा आहे तिथे उतरते, आणि मग दिवसभर माहिती भरते. किती पोरांनी हात धुतले, किती जणांनी जंताची गोळी खाल्ली, त्या गोळीचा फोटो, गोळी खाणाऱ्याचा फोटो. वरून निरोप येतो, माहिती तातडीने पाठवा. मी पाठवते. मग निरोप येतो, माहिती मिळाली नाही. मी परत पाठवते. या सगळ्यातून शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा अर्धा-पाऊण तास उरतो, त्यात मी चौथीच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवते. एवढा एकच वेळ आठवड्यात माझा असतो, बाकीचा सरकारचा आणि बसचा.

पुस्तक आपल्या मुर्रीच्या विहारातलंच आहे. तिथलं कपाट रिकामं करत होते, नवीन रंग द्यायचा होता. मी सहज गेले तर ढिगात ते पडलेलं. कव्हर तेव्हाही नव्हतं, आता सुरुवातीची कोरी पानंही गेली आहेत. उघडलं तर तंबाखूचा वास आला. इतक्या वर्षांनी वास राहतो का, कोण जाणे, मला तरी आला. मी ते पदराखाली धरून आणलं, चोरून आणल्यासारखं, खरं तर द्यायला ते खुशीनं तयार होते.

तुला आठवतं का ते सुरू कसं झालं? एकोणीसशे नव्व्याण्णवची दिवाळी, मी सातवीत. तुझा रेडिओ बंद पडला. बाबा राईस मिलमधून आले की त्याला चार थापा मारायचे, तो खरखर करायचा आणि परत गप. रेडिओशिवाय तुझे हात चालत, पण तुझं डोकं चालत नसे, असं तू म्हणायचीस. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याचा फर्मा, कैची, धाग्याची रीळ. आणि समोर भिंत. दोन दिवस तू भिंतीकडे बघत बिड्या वळल्यास. तिसऱ्या दिवशी मला म्हणालीस, "दिवसभर इकडून तिकडून फिरून राहिली. त्यापरीस काही वाचून दाखव. मास्तर म्हनते, तुले चांगलं वाचता येते. पाहू मंग." मी विहारातून सगळ्यात जाड पुस्तक आणलं, कारण जाड पुस्तक बघून तू घाबरशील आणि मला सोडशील असं वाटलं. तू ते हातात तोललंस, तंबाखूचा पुडा तोलावा तसं, आणि म्हणालीस, "सुट्टीभर पुरन."

रोज दुपारच्या जेवणानंतर एक अध्याय. अध्याय संपल्याशिवाय उठायचं नाही. तुला घड्याळ कळत नव्हतं असं नाही, पण तू वेळ मोजायचीस ती कट्ट्यांत. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. पहिल्या अध्यायाला चार कट्टे झाले, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला चारला दोन-तीन बिड्या कमी. मग तू ठरवूनच टाकलंस की या पुस्तकाचा अध्याय चार कट्ट्यांचा. मीही मैत्रिणींना तसंच सांगायची आणि त्यांनाही ते कळायचं.

आता पहिला अध्याय. एक गाव असतं, त्याला उंच तट असतो, आणि त्या गावाचा वारा कोणीतरी पळवून एका किल्ल्यात कोंडून ठेवलेला असतो. तू लगेच विचारलंस, "वारा नाही तर धान कसं उपनतेत ते लोक?" लेखकाने हे दिलेलं नव्हतं. पण तुला ही अडचण पटली, वाऱ्याशिवाय गाव म्हणजे काय हे तुला दिसलं, आणि तू पुस्तकाला बरं म्हटलंस. मग ती बारा वर्षांची मुलगी वारा सोडवून आणायला निघते. आईला सांगते, जाऊ का? आई काही बोलत नाही. तोंड भिंतीकडे करते आणि मुलगी वेशीबाहेर जाईपर्यंत वळत नाही. तुझा हात थांबला. अर्धी वळलेली बिडी बोटांत तशीच.

"थांब. ते परत वाच."

मी परत वाचलं.

"लेकरू घरातून जाऊन राहिलं, अन् माय पाठ करून उभी? काऊन वो?"

मी म्हटलं, पुढे सांगतील. आधी लपवून ठेवतात आणि मग सांगतात, गोष्टीत तसंच असतं. तू म्हणालीस, "सांगतलं पायजे. नाही तर मी त्या लिहिनाऱ्याले सोडत नाही."

दुसऱ्या अध्यायात अस्वल भेटतं. आणि ते बोलतं. "नमस्कार, मुली. तू वाट चुकलीस का?" असं अगदी शुद्ध बोलतं. तू इतकी हसलीस की सुपातली तंबाखू सांडली. "मी अस्वल पायलं आहे," तू म्हणालीस, "लग्नाआधी, तेंदू तोडाले गेली होती तवा. ते बोललं नाही. मी बी बोलली नाही. ते एकीकडे परालं, मी एकीकडे. हे पुन्याचं अस्वल दिसते." त्यानंतर पुस्तकभर ते पुण्याचं अस्वलच राहिलं. मी वाचताना 'अस्वल म्हणाले' असं आलं की तू मध्येच म्हणायचीस, काय म्हनते गा पुन्याचा पाहुना?

तिसऱ्या अध्यायात तू लेखक ओळखलास. नाव नसलेल्या पुस्तकाचा लेखक ओळखणारी तू एकटीच असशील. म्हणालीस, हा बाप्या आहे. कशावरून, मी विचारलं. "तीन दिवस झाले ते दोघं चालून राहिले. कोनं सयपाक केला? कोनी नाही. शिदोरी नाही, चूल नाही, अन् भूक बी नाही. बाईनं लिहिलं असतं तर पहिल्या दिवशी भाकरी आली असती."

चौथ्या अध्यायात मी पहिल्यांदा चोरी केली. त्यात एका तळ्याचं वर्णन होतं, पाणी कसं, पाण्यावरचा प्रकाश कसा, प्रकाशातले मासे कसे, असं चार पानं. मला बाहेर लंगडी खेळायची होती. मी ती पानं एकदम उलटली आणि आवाज न बदलता पुढचं वाचलं. मला वाटलं, अक्षर न ओळखणाऱ्या बाईला काय कळणार. अध्याय संपला, मी पुस्तक मिटलं, तू सुपातले कट्टे मोजलेस. तीन, आणि वर सात-आठ सुट्या बिड्या.  मग कालच्या ढिगातून एक बिडी काढून माझ्या हातावर ठेवलीस. वरून चांगली होती, दाबली तर आत बसली. तंबाखू कमी भरलेली, कारखान्यात तपासायला बसतात ते अशीच बिडी बाजूला काढून मोडून टाकतात. "ही पोकळ बिडी," तू म्हणालीस. "वरून पाहाल तर समजत नाही. हातात घेतली का समजते. तसंच तुह्यं आजचं वाचन आहे. मले वाचता येत नाही म्हनून मले मोजता येत नाही असं नको समजू." मग ती चार पानं मला वाचायला लावलीस, माशांसकट. बरोबर चौथा कट्टा झाला तेव्हा सोडलंस. मी रडत होते आणि तू मासे कोणत्या जातीचे असतील याचा विचार करत होतीस.

माय, मला मार कमी बसला घरात, पण ती बिडी लागली. शाळेत एखादं पोर न वाचता पान उलटतं तेव्हा मला ती बोटाखाली बसते. मी त्याला रागवते आणि मग मीच खाली बघते, त्याचं कारण पुढे येतं आहे.

त्यानंतर बरेच दिवस मी इमानदारीत वाचलं. पाचव्यात एक राजा येतो, त्याला झोप येत नाही, वैद्य थकतात, जादूगार थकतात. तू म्हणालीस, त्याले आठ दिवस बिड्या वळाले बसवा, बसल्या जागी घोरन. सातव्यात तेल न घालता जळणारा दिवा येतो. त्या दिवसांत आपल्याकडे लाईट जाणं सुरूच होतं, तू म्हणालीस, हा दिवा वीजवाल्यांना दाखवू नको, त्याचीही लाईन कापतील. नवव्यात किल्ल्याचा पहारेकरी त्या मुलीला तीन कोडी घालतो. तू कान देऊन ऐकलंस आणि म्हणालीस, हा तर तहसीलचा बाबू आहे, तीन वेळा खेटे मारल्याशिवाय आत सोडत नाही. कागद आना, झेराक्स आना, उद्या या. दहाव्यात मुलगी आणि अस्वल यांचं कडाक्याचं भांडण होतं आणि अस्वल एकटंच जंगलात निघून जातं. त्या दिवशी तू हसली नाहीस. चहा पिताना विचारलंस, "पुन्याचा पाहुना वापस येते ना वो? का असाच गेला?" मी म्हटलं, उद्या कळेल.

आणि उद्या मंडई होती.

मी मंडईची वाट वर्षभर बघायची हे तुला माहीत होतं. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, पाळणा येतो, जिलेबीची कढई लागते, दंडारीवाले नाचतात, बांगड्यांच्या दुकानात उभं राहायलाही जागा नसते. वस्तीतल्या पोरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाणार होत्या आणि ट्रॉली तीन वाजता निघणार होती. मी तुला विचारलं. तू म्हणालीस, जा ना, कोन नाही म्हनते, अध्याय झाला का जा. आता अध्याय म्हणजे चार कट्टे, आणि त्या दिवशी जेवायलाच उशीर झाला होता. चार कट्टे होईपर्यंत ट्रॉली मंडईत पोचली असती.

मी दोन पानं वाचली. तू पाणी प्यायला उठलीस. सकाळी वळलेले कट्टे टोपलीत ठेवलेले होते, त्यातले दोन मी उचलले आणि सुपात, दुपारच्या कट्ट्यांत मिसळले. तू आलीस, बसलीस. मी अजून नऊ-दहा पानं वाचली आणि मग मधलं सगळं सोडून अध्यायाचं शेवटचं पान वाचलं. त्यात ते दोघं किल्ल्याच्या दाराशी उभे होते. झाला अध्याय, मी म्हणाले. तू सूप पुढे ओढलंस. एक, दोन, तीन, चार. वरचा कट्टा हातात घेतलास, अंगठ्यानं दाबलास, दुसरा घेतलास. माझ्याकडे बघितलंस. 

"झाले चार," तू म्हणालीस. "जा. ट्राली जाऊन राहिली असन."

आणि भिंतीकडे तोंड करून पानं कापायला लागलीस. मी चप्पल न घालता धावले. मंडईत मी जिलेबी खाल्ली, पाळण्यात बसले, हिरव्या बांगड्या घेतल्या, आणि तुला किती सहज फसवलं याचा मला अभिमान वाटला. हे खरं आहे ते लिहिते.

दुसऱ्या दिवशी बारावा अध्याय. सुरुवातीलाच मुलगी आणि अस्वल एका दगडावर बसून कंदमुळं खात असतात. तुझा हात परत थांबला. "हे दोघं भांडले होते ना? अस्वल रागानं निंगून गेलं होतं ना? मंग आता एका ताटात जेवून राहिले?"

मी म्हटलं, लेखकाने दिलं नाही.

"असं," तू म्हणालीस. "लिहिनारा मंडईले गेला असन."

मी हसले. तूही हसलीस. मला वाटलं, तू लेखकाची थट्टा करते आहेस.

अठरा अध्याय संपले. वारा सुटला, मुलगी घरी आली, आई दारात उभी होती, तिनं तिला जवळ घेतलं. पण पाठ करून का उभी होती ते शेवटच्या अध्यायात नव्हतं. तू विचारलंस, मी म्हटलं, राहून गेलं असेल त्याच्याकडून. तू पुस्तक परत एकदा हातात तोललंस आणि निकाल दिलास, "कट्टा बरा आहे. एक बिडी पोकळ निंगाली." मी ते विहारात परत नेऊन ठेवलं आणि विसरले. रेडिओही तोवर दुरुस्त होऊन आला होता.

तू मात्र विसरली नाहीस. डी.एड.ला नंबर लागला आणि मी नागपूरला निघाले तेव्हा तू गोंदियाच्या स्टेशनवर आली होतीस. मला लाज वाटत होती, कारण तुझ्या लुगड्याला तंबाखूचा वास होता आणि डब्यात दुसऱ्या पोरी होत्या. खिडकीतून तू तुझा जुना पत्र्याचा फर्मा माझ्या हातात दिलास, ज्यावर पान ठेवून तू वीस वर्षं कापत होतीस. "रेघा माराले कामी येईन," म्हणालीस. आणि मग एवढ्या गर्दीत, गाडी सुटायच्या वेळेला, दुसरं काही नाही, तेच: "ते सांग आता तरी. ते माय पाठ करून काऊन उभी होती?" मी चिडून म्हणाले, माय, तू पण ना, इथे काय ते, दिलं नाही पुस्तकात. तू म्हणालीस, हो काय. बरं.

नोकरी लागली, पेढे घेऊन आले, तेव्हाही विचारलंस. तोवर मी मास्तरीण झाले होते, मला उत्तर देण्याची कला आली होती. मी तुला सांगितलं की मोठे लेखक काही गोष्टी वाचकावर सोडतात. तू पेढा तोंडात ठेवून माझ्याकडे इतका वेळ बघत राहिलीस की मी उठून भांडी घासायला गेले. आणि मग दवाखाना. तुझा दम वाढला होता, छातीत इतक्या वर्षांची तंबाखूची धूळ, डॉक्टर म्हणायचे तसंच काहीतरी. मी खाटेजवळ बसून उत्तरपत्रिका तपासत होते. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "बाई, ते पुन्याच्या अस्वलाच्या पुस्तकातली माय. समजलं काय तुले?" मी पेपरावरून मान न उचलता म्हणाले, नाही माय, लेखकाने दिलंच नाही ते. तू हसलीस, हसताना खोकला आला, मी पाणी दिलं. त्यानंतर चार दिवसांनी तू गेलीस.

आता शनिवारचं सांगते. या पोरांना मी पुस्तक वाचायला घेतलं तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की हे मी माझ्या आईला अख्खं वाचून दाखवलं आहे. पोरं तुझ्यासारखीच आहेत. जंगलाच्या कडेला राहतात, त्यांना बोलणारं अस्वल पटत नाही. एकजण म्हणाला, मोह खाऊन चढली असन त्याले, म्हनून बोलून राहिलं. पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, तिची माय बिड्या वळते, हे मला तिच्या दप्तराच्या वासावरून पहिल्या दिवशीच कळलं होतं. तिनं पहिल्याच शनिवारी तुझा प्रश्न विचारला. तसाच, "काऊन" लावून. मी म्हटलं, पुढे बघू. घरी आणून आधी वाचून ठेवायचं रोज मनात यायचं, आणि रोज काही ना काही माहिती भरायची राहिलेली असायची. तसं होता होता काल अकरावा अध्याय आला आणि मी तो त्यांच्याबरोबरच पहिल्यांदा पूर्ण वाचला.

उत्तर तिथे आहे माय. तुझा फर्मा मी पुस्तकात खूण म्हणून ठेवते, तो आता तिथेच आहे, तेव्हा मी जिथून पानं सोडली त्याच्या पुढे तीनच पानांवर. मुलगी जंगलात अस्वलाला शोधून काढते आणि रडत म्हणते की तू गेलास तसंच माझ्या आईनंही माझ्याकडे पाठ केली होती. तेव्हा अस्वल तिला सांगतं की तुझ्या गावची वेस डोळ्यांनी बांधलेली आहे. घरचं माणूस जाणाऱ्याकडे बघत असेल तोवर ती उघडत नाही. तुझी आई वळली असती, तिनं एकदा जरी तुला बघितलं असतं, तर तू आतच राहिली असतीस. म्हणून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तुला जायचं होतं, ते तिला माहीत होतं. एवढंच आहे. मग त्यांचं भांडण मिटतं आणि ते कंदमुळं उकरायला जातात. तेवढं जेवणाचंही दिलं आहे लेखकाने, तू त्याला उगाच बोललीस.

 मग मागून एकजण म्हणाला, मंग तोंडानं सांगायचं ना, मी मुद्दाम पाठ करून राहिली म्हनून. पहिल्या बाकावरच्या मुलीनं त्याला झापलं, सांगतलं असतं तर ते पोरगी गेली असती का रे? आणि मग मला विचारलं, "मॅडम, तुमाले तर हे आधीच माहीत होतं ना? तुमी तर तुमच्या मायले वाचून दाखवलं होतं."

मी हो म्हणाले, माय. चौथीच्या पोरीशी पण मी खोटं बोलले.

घंटा झाली, पोरं पळाली. ती मुलगी दारात थांबली, घरी लवकर जायचं म्हणाली, दुपारी मायजवळ बसून पानं पुसून द्यायची असतात. ओल्या पानांनी माझे हात गार पडतात, असं सांगून तिनं हात माझ्या हाताला लावून दाखवले. गंमत म्हणून. त्या वेळी हात कोरडेच होते, शाळेत होती ती. पण मला ते ऐकून कसंतरी झालं आणि बसमध्ये बसल्यावर कळलं का ते.

ओल्या पानाची बिडी, माय. नुकती वळलेली बिडी हाताला गार लागते, दाबली की पान लवतं. सकाळी वळलेली दुपारपर्यंत सुकून खडखडीत होते. हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे, बिड्यांच्या टोपलीशेजारीच मी मोठी झाले. त्या दिवशी तू वरचा कट्टा घेतलास, अंगठ्यानं दाबलास, दुसरा घेतलास. दोन्ही मी ठेवलेले होते. कोरडे. तुला त्याच क्षणी कळलं असणार, मी किती कट्ट्यांची चोरी केली तेही. पोकळ बिडी नुसती बोटानं ओळखणारी बाई तू. आणि तू म्हणालीस, झाले चार, जा. आणि भिंतीकडे तोंड केलंस.

नाक्यावर बस थांबली, मी उतरले नाही. पुढच्या थांब्यावर उतरून उन्हात मागे चालत आले. लिहिणारा मंडईला गेला असेल म्हणालीस. एक बिडी पोकळ निघाली म्हणालीस. मी इतकी वर्षं समजत होते की तू त्या बिचाऱ्या लेखकाला नावं ठेवते आहेस. स्टेशनवर, पेढे खाताना, नाकात नळी असताना, तू परत परत तेच विचारत होतीस. तुला त्या पुस्तकातल्या बाईचं काही पडलेलं नव्हतं, निदान तितकं तरी नव्हतं. तू मला दरवेळी एक दार उघडून देत होतीस, आणि मी दरवेळी सांगत होते की लेखकाने दिलं नाही. किती धीर तुला! मी तर पोरांनी वहीत खोटी सही केली तर दोन मिनिटं थांबत नाही.

मला राग आला तुझा, हेही लिहून ठेवते. एकदा सरळ सांगितलं असतंस, पोरी, मला माहीत आहे, तर काय बिघडलं असतं? मग वाटलं, तेव्हा सांगितलं असतंस तर मी मंडईला गेले नसते. आणि नंतर सांगायचं होतं ते तू नाही, मी. ती चौथीतली पोरगी म्हणते ते बरोबरच आहे.

आता संध्याकाळ होत आली आहे, कपडे भिजवून ठेवलेत ते तसेच आहेत, आणि फोनवर कसली तरी माहिती मागणारा निरोप येऊन पडला आहे. हे कागद मी कुठे टाकणार? पुस्तकात ठेवते, अकराव्या अध्यायात, फर्म्याखाली. येत्या शनिवारी बारावा आहे. सुरू करण्याआधी त्या पहिल्या बाकावरच्या मुलीला खरं सांगायचं ठरवलं आहे, जमेल की नाही ते बघू. पण तिच्या आधी तुला सांगायला हवं.

माय, अकरावा अध्याय मी वाचला नव्हता. मंडई होती.